भारतीय बनावटीची विदेशी रुची

मराठी समीक्षेचे बहुतेक कळीचे शब्द जिभेवरून आलेले आहेत. रस, आस्वाद, चर्वणा, रुची, अभिरुची, रसिक, रसग्रहण: यांतला एकही शब्द आज आपण डोळ्याचा किंवा कानाचा म्हणून वापरत नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना भरताने जेवणाऱ्या माणसाचाच दाखला घेतला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाणारा जसे रस आस्वादतो, तसा सुमनस प्रेक्षक स्थायी भाव आस्वादतो, असे त्याचे म्हणणे. या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या साहित्यविभागांत मात्र प्रत्यक्ष जिभेला प्रवेश नाही. 'आस्वादक समीक्षा' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला आहे की त्यात कोणीतरी काहीतरी चाखलेले असावे लागते, हेच आपण विसरलो आहोत.

आमचा वाद दोन मतांशी आहे. पहिले मत उदारपणाचे सोंग घेऊन येते: चवीचे काय, ज्याची त्याची आवड. दुसरे आदराच्या वेषात येते: जुने आहे, महाग आहे, बाहेरून आले आहे, तेव्हा चांगलेच असणार. पहिले मत निर्णय टाळते, दुसरे तो उसना घेते. वर्गात, चर्चासत्रांत आणि परीक्षणांच्या पानांवर ही दोन्ही मते एकाच माणसाच्या तोंडी सुखाने नांदताना आढळतात. त्यांची कसोटी घेण्यासाठी आम्ही एक क्षुल्लक वाटणारी वस्तू निवडली आहे: कमी किमतीची, लाकडी पिंपात मुरवलेली टकीला. हिची निवड सहेतुक आहे. ती स्वस्त आहे, म्हणून किमतीचा दरारा तिला वाचवू शकत नाही. तिच्या चिठ्ठीवर मुरवल्याचा शिक्का आहे, म्हणून वयाचा प्रश्न टाळता येत नाही. आणि ती परदेशी असली तरी तिचे झाड आमच्या देगलूरच्या बांधांवर उभे आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे पुढे येऊ.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. टकीला हे अगेव्ह या काटेरी वनस्पतीच्या गाभ्यापासून गाळलेले मद्य. १९७४ पासून या नावाला मेक्सिकोत उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण आहे: हालिस्को हे संपूर्ण राज्य आणि आणखी चार राज्यांतले ठरावीक भाग एवढ्याच प्रदेशात ती बनू शकते, आणि तीही निळ्या अगेव्हपासूनच. हे झाड पक्व व्हायला साधारण सहा-सात वर्षे लागतात. मग पाती छाटून गाभा काढतात, तो भट्टीत किंवा वाफेच्या दाबाखाली शिजवतात. कच्च्या गाभ्यातली शर्करा यीस्टला सहजासहजी पचत नाही. शिजल्यावर तिची साधी साखर होते, तेव्हा कुठे रस आंबतो आणि दोनदा गाळला जातो. ज्या टकीलावर 'शंभर टक्के अगेव्ह' असे लिहिलेले नसते तिच्यात किमान ५१ टक्के साखर अगेव्हची आणि उरलेली उसाची किंवा अन्य कशाची असू शकते. मुरवणीचे टप्पेही ठरलेले आहेत. ओकच्या लाकडात किमान दोन महिने राहिली की ती 'रेपोसाडो', ६०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात किमान एक वर्ष काढले की 'आन्येहो', आणि तीन वर्षे काढली की 'एक्स्ट्रा आन्येहो'. हा शेवटचा वर्ग तर २००६ साली निर्माण झाला.

एवढ्या माहितीवरूनही वयाच्या प्रतिष्ठेला पहिला तडा जातो. शेतात गेलेली सहा-सात वर्षे चिठ्ठीवर येत नाहीत. पिंपात गेलेले दोन महिने मात्र नाव होऊन मिरवतात. शिवाय मुरवलेल्या टकीलात वजनाच्या एक टक्क्यापर्यंत चार गोष्टी घालायला तिथला नियम मुभा देतो: जळक्या साखरेचा रंग, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक. या मर्यादेत राहिल्यास त्यांचा उल्लेख चिठ्ठीवर करण्याची सक्ती नाही. म्हणजे सोनेरी रंग हा वयाचा पुरावा नव्हे, मऊपणा हाही नव्हे. स्वस्त बाटलीच्या बाबतीत तर हा संशय चाखणाऱ्याने सोबत घेऊनच बसले पाहिजे.

आमच्यापैकी तिघांनी एकाच कारखान्याच्या दोन बाटल्या घेतल्या: एक न मुरवलेली, दुसरी रेपोसाडो. दोन्ही शंभर टक्के अगेव्ह, दोन्ही परदेशातल्या दुकानात खालच्या फळीवर मिळणाऱ्या. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की वाचणाऱ्याचा निकाल अगोदरच लागतो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर फक्त आकडे घातले. मीठ, लिंबू आणि बर्फ यांना मज्जाव केला, कारण या तिघांचे काम चव झाकण्याचे असते. तीन संध्याकाळी, प्रत्येकी जेमतेम तीस मिलिलिटर. आधी नुसता वास, मग घोट, मग चार थेंब पाणी घालून पुन्हा वास. रिकामे ग्लास न धुता तसेच ठेवून दुसऱ्या सकाळी हुंगले. पुस्तक जसे दुसऱ्या वाचनात आणि नंतरच्या आठवणीत तपासायचे असते, तसेच हे.

आता निर्णय सांगतो, कारणांसह. न मुरवलेल्या टकीलाला भाजलेल्या रताळ्याचा वास होता, त्यामागे ओल्या दोरखंडाचा, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना हरभऱ्याच्या आंबेसारखी झिणझिण. पाणी घातल्यावर वास फाकला, फिका पडला नाही. दोष असा की घशात ती थोडी टोचते. रेपोसाडोचा पहिला वास अधिक लोभस: गुऱ्हाळातल्या काहिलीचा, त्यावर व्हॅनिला. घोट गुळगुळीत, घशाला त्रास नाही. पण पाणी घालताच गूळ एकीकडे आणि मद्य दुसरीकडे झाले. सकाळी पहिल्या ग्लासात रताळे आणि दोरखंड दोन्ही शिल्लक होते. दुसऱ्यात आइस्क्रीमच्या रिकाम्या कपाचा वास तेवढा उरला होता. तिघांनीही, एकमेकांचे टिपण न पाहता, मुरवलेलीला खालचा क्रमांक दिला. बाटलीत कोणी काय घातले याचा आरोप आम्ही करत नाही. आमचे म्हणणे एवढेच की लाकडाने इथे झाडाला साथ दिलेली नाही, त्याच्यावर पांघरूण घातले आहे.

हे सांगायला मराठीत शब्द नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या घरच्या फडताळाकडे पाहावे. काळ गेल्यावर वस्तूचे काय होते यासाठी मराठीइतकी बारीक शब्दयोजना क्वचितच कुठे असेल. लोणचे मुरते. भेंडी जून होते. भाकरी शिळी होते. वरण विटते. पीठ आंबते. खोबरे खवट होते. आंबा पिकतो आणि मग उतरतो. या प्रत्येक क्रियापदात निर्णय आधीच बसलेला आहे. 'जुने' हा एकच गुळमुळीत शब्द या सगळ्यांवर ओढून 'जुने ते सोने' म्हणणारा माणूस आपल्या भाषेचाच अपमान करत असतो. लोणच्याची बरणी उघडून आपली आजी फोड दाताखाली धरते आणि सांगते की खार अजून फोडीत उतरलेला नाही. आमच्या रेपोसाडोबद्दल याहून नेमके वाक्य आम्हाला सुचत नाही. ती मुरलेली नाही. खार वरवर लागलेला आहे.

याउलट मद्याविषयी आपल्या पुरवण्यांत जे लिहिले जाते त्यात व्हॅनिला, कॅरमल, बटरस्कॉच, 'स्मूद फिनिश' यांची तीच ती माळ असते. ती वाचताना आमच्यासारख्या शिक्षकांना चटकन आठवते ती परीक्षेतली रसग्रहणाची उत्तरे: भाषा ओघवती, शैली चित्रदर्शी, प्रतिमा समर्पक, कवितेतून मानवी जीवनाचे विदारक सत्य प्रकट होते. कोणत्याही कवितेखाली ही चार वाक्ये चालतात, म्हणूनच ती कोणत्याही कवितेबद्दल काहीच सांगत नाहीत. मार्गदर्शक पुस्तकांनी विद्यार्थ्यांना बिघडवले असे आपण म्हणतो खरे. पण 'आवर्जून वाचावे असे पुस्तक' या वाक्याने परीक्षण संपवणारे आपणच आहोत, आणि लेखकाने कादंबरीवर वीस वर्षे काम केले याच माहितीला गुण मानून पुरस्काराची शिफारस करणारेही आपणच. वीस वर्षांत कादंबरी मुरली की जून झाली, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी विचारत नाही.

आता पहिल्या मताकडे. 'ज्याची त्याची आवड' म्हणणाऱ्यांना कांटचा आधार घेता येईल. १७९० च्या ग्रंथात कांटने कॅनरी बेटांवरच्या वाइनचे उदाहरण देऊन म्हटले आहे की ती मला रुचते एवढेच मला म्हणता येते. सौंदर्याच्या विधानाप्रमाणे इतरांच्या संमतीवर तिथे हक्क सांगता येत नाही. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा भेद मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पण कांटच्या आधी, १७५७ साली, ह्यूमने अभिरुचीच्या निकषावर लिहिताना दोन किहोतेमधली एक गोष्ट घेतली होती. सांचो पान्साच्या दोन नातलगांना एका पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामे होते तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडते.

आम्ही इथे ह्यूमच्या बाजूने आहोत. रुचणे हे ज्याचे त्याचे, याला आमची हरकत नाही. आमच्यातल्या एकाला त्या गुळचट रेपोसाडोचाच दुसरा घोट हवासा वाटला, आणि तरीही त्याने तिला खालचा क्रमांक दिला. आवड आणि निर्णय या दोन गोष्टी एका माणसात वेगळ्या राहू शकतात. कित्येकदा किल्ली सापडत नाही हे खरे. पण ती असू शकते असे मानूनच चाखावे लागते. वस्तूत काही आहे आणि ते दोघांना सापडू शकते, एवढ्या श्रद्धेशिवाय समीक्षेचा वर्ग भरवण्यात अर्थ नाही. 'प्रत्येकाचा अन्वयार्थ वेगळा' हे वाक्य उच्चारून तास संपवणाऱ्या प्राध्यापकाने विद्यार्थ्याला स्वातंत्र्य दिलेले नसते. त्याच्या म्हणण्याची तपासणी करण्याचे कष्ट तेवढे वाचवलेले असतात.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आमच्या गावातूनच येईल. दारूने ज्यांची घरे मोडली त्यांच्यासमोर चवीची चर्चा करणे हा निलाजरेपणा नव्हे काय? 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. शंभर वर्षे उलटली तरी सुधाकर आणि सिंधू आपल्या शेजारी राहतात. ज्या गावांतल्या बाया दारूबंदीसाठी आडव्या बाटलीला मत देतात त्यांच्याशी आमचे भांडण नाही, आम्ही त्यांच्याच बाजूने आहोत. पण नशेच्या प्रश्नाला चवीचा प्रश्न कारणीभूत नाही. उलट, गरिबाच्या दारूबद्दल चवीचा प्रश्न कोणी कधी विचारलाच नाही, हा त्याच्या वाट्याला आलेल्या तुच्छतेचाच भाग आहे. देगलूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्या राज्याची तिजोरी आबकारीवर पोसली जात होती. पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा आजच्या महाराष्ट्राचा कायदा झाला. नावात दारूबंदी आणि अंदाजपत्रकात उत्पादन शुल्क, अशी त्याची वाटचाल आहे. शिंदी असो की मळीच्या मद्यार्कात संत्र्याचा वास मिसळलेली बाटली असो, सरकारने तिची तीव्रता आणि तिच्यावरचा कर मोजला. ती पिणाऱ्याला जीभ आहे, असे मात्र कोणी गृहीत धरले नाही.

याच कायदेशीर भाषेने आपल्याला एक अजरामर वर्ग दिला आहे: भारतीय बनावटीचे विदेशी मद्य. बहुतांशी उसाच्या मळीतून काढलेला मद्यार्क, त्याला विदेशी नाव, विदेशी रंग. देशी म्हणजे खालचे, विदेशी म्हणजे वरचे, आणि मधे हा बनावटीचा प्रचंड बाजार. १९९० च्या 'टीकास्वयंवर'नंतर आपण देशीवादावर पुष्कळ वाद घातला. परंतु कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पाटीवर 'देशी' या शब्दाचे काय झाले आहे, हे त्या वादात कोणी वाचल्याचे आम्हाला आठवत नाही. आपली पुष्कळशी समीक्षा याच वर्गात बसते. मद्यार्क इथलाच, बहुधा चाखलेलाही नाही, आणि वर चिठ्ठी पॅरिसची.

देशीची दुसरी बाजू पाहायची तर बांधावर जावे लागेल. ग्रंथांत ज्याला घायपात म्हणतात आणि आमच्याकडे केकताड, ते अमेरिका खंडातून आलेले अगेव्हच आहे, टकीलाच्या निळ्या अगेव्हचे सख्खे भावंड. दख्खनच्या मुरमाड जमिनीत ते कुंपण म्हणून रुजले. त्याच्या पात्यांतून वाख काढून दोर वळण्याचे काम पिढ्यान् पिढ्या मातंग समाजाने केले. पोळ्याला बैलांच्या अंगावर चढणारे नवे कासरे, वेसण, म्होरकी यांत तोच वाख होता. पात्याच्या रसाने हात खाजतात, कुजवण्याच्या पाण्याला दर्प येतो, ओल्या वाखाला गोडसर वास असतो: या झाडाचे हे सगळे ज्ञान त्या हातांत आणि नाकांत होते. आमच्या टिपणात 'ओला दोरखंड' हा शब्द आला तो कोणत्याही मद्यविषयक पुस्तकातून आलेला नाही. तो त्यांच्याकडून आलेला आहे, आणि हे ऋण नोंदवल्याशिवाय त्या टिपणाला काही किंमत नाही.

२०११ साली देस्मंड नाझरेथ यांनी आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात दख्खनच्या अगेव्हपासून मद्य गाळून ते गोव्याच्या बाजारात आणले. त्यानंतरच्या दशकात 'पिस्तोला' या नावाने दख्खनच्या अगेव्हचे मुरवलेले मद्यही आले. उगमस्थानाच्या नियमामुळे त्यांना टकीला म्हणता येत नाही, आणि ते योग्यच आहे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले तेव्हा आपणही हाच न्याय मागितला होता. पण या मुरवलेल्या मद्याच्या प्रकारांची नावे पाहा: रेपोसाडो, आन्येहो. झाड इथले, पाऊस इथला, मजुरी इथली, आणि वयाचे नाव स्पॅनिश. आपल्या बांधावरच्या केकताडाला आपल्या भाषेत 'मुरलेले' म्हणायला आपण धजत नाही. बाजाराला दोष देण्याआधी आम्ही भाषेच्या शिक्षकांना विचारतो: हा शब्द उपलब्ध करून देण्याचे काम कोणाचे होते?

तेव्हा आमची मागणी साधी आहे. वर्गात टकीला नेता येणार नाही, नेऊही नये. गूळ नेता येतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला रसविचार शिकवण्याआधी तीन खडे टेबलावर ठेवावेत: यंदाचा, गेल्या वर्षीचा, आणि रसायने घालून गोरा केलेला. भाव सांगू नये, गाव सांगू नये. विद्यार्थ्यांनी चाखावे, घरच्या बोलीतल्या शब्दांत लिहावे, मग एकमेकांची टिपणे वाचून भांडावे. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषा कानावर पडणाऱ्या देगलूरच्या मुलांकडे यासाठी लागणारा शब्दसंग्रह आमच्यापेक्षा मोठा निघेल, अशी आमची खात्री आहे. त्यानंतर भरत काढावा, अभिनवगुप्त काढावा, कांटही काढावा. हाच क्रम कवितासंग्रहाला लावावा: कवीचे नाव झाकून, पुरस्कारांची यादी फाडून, मलपृष्ठावरचा मजकूर बाजूला ठेवून.

स्वस्त वस्तूची परीक्षा करणे यासाठी महत्त्वाचे आहे की तिथे आपल्याला कोणाचा आधार नसतो. शंभर वर्षांची कीर्ती असलेल्या ग्रंथाला चांगले म्हणायला धैर्य लागत नाही. जिल्ह्याच्या गावी छापलेल्या, शंभर रुपये किमतीच्या, कोणी परीक्षण न केलेल्या कवितासंग्रहाबद्दल कारणे देऊन बरे किंवा वाईट म्हणणे, यात समीक्षकाची जीभ कळते. असे संग्रह आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर पडून आहेत. त्यांना 'प्रयत्न स्तुत्य' असा शेरा देऊन परत पाठवणे ही दया नव्हे.

आमचा त्या दोन बाटल्यांबद्दलचा निकाल कायम आहे. एवढ्या पैशात न मुरवलेली घ्यावी. तिच्यात झाड आहे. मुरवलेलीत लाकूड आहे, गोडवा आहे, आणि दोहोंच्या खाली झाड शोधावे लागते. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी बाटली कागदात गुंडाळून चाखावी, ग्लास रात्रभर तसाच ठेवावा, आणि सकाळी काय हुंगले ते मराठीत लिहून पाठवावे. आम्ही उत्तर देऊ.